कापड की प्लास्टिक? विचारा सात मिलिमीटरच्या दांडीला!

रिक्षाच्या हुडाचं ते काळं कापड हातात घ्या. वरून चकचकीत, खालून सुती किंवा पॉलिएस्टरची वीण. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कुठलाही हूडवाला बघताक्षणी सांगेल, "रेक्झिन." त्याचं काम तेवढ्यावर भागतं. पण हाच माल कंटेनर भरून न्हावा-शेव्याला उतरला, की बिल ऑफ एंट्रीत 'रेक्झिन' लिहून चालत नाही. तिथे आठ आकडी कोड लागतो, आणि तो लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: साहेब, हे कापड आहे का प्लास्टिक?

कापड म्हटलं तर सीमाशुल्काच्या टॅरिफमधलं ५९वं चॅप्टर. प्लास्टिक म्हटलं तर ३९वं. रबर म्हटलं तर ४०वं. चॅप्टर बदललं की मूळ सीमाशुल्क बदलू शकतं, जीएसटी बदलू शकतो, अँटी-डम्पिंग शुल्काच्या कचाट्यात माल सापडतो की सुटतो तेही बदलतं. त्यामुळे या एका प्रश्नावर असे काही नियम तयार झालेत, की वाचताना हसू येतं आणि पैसे भरताना रडू.

वागळे इस्टेटला 'कुठल्या मालावर किती' हे भांडण नवं नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या अगदी पहिल्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेटचं नाव आलं. शेजारच्या मुलुंड चेकनाक्यावर जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७च्या जूनअखेरपर्यंत, मुंबई महापालिकेची जकात भरायला ट्रकांच्या रांगा लागायच्या. जकात गेली. भांडण मात्र उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसात अजून चालू आहे. त्यातलेच हे काही मासले.

दांडीभोवती वाकवा, मोडलं तर प्लास्टिक

प्लास्टिकचा थर असलेल्या कापडाला ५९०३ हा कोड मिळतो. पण त्याआधी एक व्यायाम: माल हाताने, ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती वाकवायचा. न मोडता, न तडकता वाकला तर कापड. तडकला तर बहुधा ३९व्या चॅप्टरात, म्हणजे प्लास्टिकमध्ये रवानगी. हाताने म्हणजे हातानेच, मशीन नको. सात मिलिमीटर म्हणजे किती? शाळेतली साधी पेन्सिल साधारण तेवढीच जाड असते.

खरी गंमत पुढे आहे. ही परीक्षा १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानातच घ्यायची. तसा नियमच आहे, कारण थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि उन्हात ढिलं पडतं. नियम करणारी जागतिक सीमाशुल्क संघटना ब्रसेल्सला बसते. तिथे ३० अंश म्हणजे कडक उन्हाळा. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी गोदामात उभं राहून हीच परीक्षा घेतली, तर ती नियमात बसणारच नाही. एसी लावा, मग वाकवा.

नुसत्या डोळ्यांना दिसलं पाहिजे

कापडावर प्लास्टिकचं कोटिंग आहे, हे कसं ठरवायचं? नियम म्हणतो: नुसत्या डोळ्यांनी दिसलं तर आहे. दुर्बीण नको, सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळेतलं रसायन नको. पाण्याचा थेंब वरून घरंगळतो, कापड हाताला कडक लागतं, सप्लायरच्या कागदावर 'पीयू कोटेड' छापलंय, हे सगळं खरं असलं तरी थर डोळ्यांना दिसत नसेल, तर कस्टम्सच्या लेखी ते साधं कापड. छत्रीच्या आणि जॅकेटच्या कितीतरी कापडांवरचं कोटिंग इतकं पातळ असतं की या अटीवर ते नापास होतं. आणि कोटिंगमुळे रंग बदलला असेल, तर ते धरायचंच नाही, असंही वर बजावून ठेवलंय.

आता यावरची ताण पाहा. २०२०च्या ऑक्टोबरअखेर देशभर 'फेसलेस असेसमेंट' सुरू झालं. म्हणजे न्हावा-शेव्याला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातला अधिकारी तपासू शकतो. नियम डोळ्यांचा, आणि निर्णय घेणाऱ्याने माल पाहिलेलाच नसतो! प्रत्यक्षात बंदरावरचा अधिकारी नमुना काढतो, प्रयोगशाळा अहवाल देते आणि दूरचा अधिकारी तो वाचून ठरवतो. म्हणजे डोळे एकाचे, चष्मा दुसऱ्याचा आणि सही तिसऱ्याची.

कोटिंगला डोळ्यांची अट आहे, लॅमिनेशनला नाही. २०२२च्या जानेवारीपासून आपल्या टॅरिफमध्ये नवी टीप आली: कापडाचा थर आणि प्लास्टिकची तयार फिल्म एकमेकांना चिकटवली असेल, तर मालाच्या कडेकडून पाहताना ती फिल्म दिसो वा न दिसो, माल 'लॅमिनेटेड'च. आधुनिक रेनजॅकेटमधला पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा इतका पातळ असतो, की आडव्या छेदात तो शोधायला गेलात तर फक्त धागे दिसतात. यावरून जगभर वाद होत होते, ते या टिपेने मिटवले. निकाल असा, की दोन जॅकेटांची कापडं शेजारी ठेवली, दोन्ही सारखी दिसली, दोन्हींत प्लास्टिक अदृश्य असलं, तरी एकावर प्लास्टिक ओतलेलं म्हणून ते साधं कापड आणि दुसऱ्यावर चिकटवलेलं म्हणून ५९०३. टॅरिफ लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते, असं कुणी म्हणू नये.

फ्लेक्सवरचे दादा कापडावर नसतात

ठाण्यात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला नाही असा चौक दाखवा. त्या फ्लेक्सच्या पोटात पॉलिएस्टर धाग्यांची जाळी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसी. नियम सांगतो, कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेलं असेल किंवा त्याच्या दोन्ही बाजू प्लास्टिकने पूर्ण झाकल्या असतील आणि तो थर डोळ्यांना दिसत असेल, तर माल ५९व्या चॅप्टरात राहत नाही, ३९व्यात जातो. एकच बाजू झाकलेली असेल आणि दुसरीकडे वीण उघडी असेल, तर तो ५९०३. म्हणून रिक्षाचा हूड कापड आणि चौकातला फ्लेक्स प्लास्टिक. चीनहून येणाऱ्या पीव्हीसी फ्लेक्सवर भारताने अँटी-डम्पिंग शुल्कही लावलं होतं. बेकायदा फ्लेक्सबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पालिकांना बरंच सुनावलं. दादांच्या फोटोवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही, पण तो विषय वेगळ्या चॅप्टरचा.

याउलट, कापडावर प्लास्टिकचे ठिपके, वेलबुट्टी किंवा नक्षी असेल, म्हणजे थर अर्धामुर्धा आणि त्यातून डिझाइन तयार होत असेल, तर तो माल पुन्हा साध्या कापडात जमा.

शंभर चौरस सेंटिमीटर, पंधरा ग्रॅम

रबराचा थर असलेल्या कापडाला, म्हणजे ५९०६ला, वाकवण्याची परीक्षा नाही. त्याला वजनकाटा आहे. चौरस मीटरला १,५०० ग्रॅमपर्यंत वजन असेल तर ते रबरी कापड. त्याहून जड असेल, तर आत निम्म्याहून अधिक वजन धाग्याचं आहे का ते पाहायचं. असेल तर कापड, नसेल तर रबर, म्हणजे ४०वं चॅप्टर.

हे मोजतात कसं, ते एकदा बघण्यासारखं आहे. हातात मावेल असं एक गोल कटर असतं, जीएसएम कटर. ते कापडावर ठेवायचं, दाबायचं आणि फिरवायचं. बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापून निघते. ती नाजूक काट्यावर ठेवायची आणि येणाऱ्या ग्रॅमला शंभराने गुणायचं. चकती पंधरा ग्रॅम भरली तर माल अगदी सीमारेषेवर, चौरस मीटरला १,५०० ग्रॅम. साडेपंधरा भरली, की लगेच दुसरा प्रश्न: आता यातलं रबर वेगळं काढा आणि धागा किती उरतो ते सांगा. हे काम कटरचं नाही, केमिस्टचं. आणि व्हल्कनाइझ केलेलं रबर कापडावरून सुटं करणं म्हणजे काय वैताग असतो, ते त्यालाच विचारा.

असे केमिस्ट वागळे इस्टेटमध्येच भेटतात. रबर उद्योगाची संशोधन संस्था इर्मरा इथेच, रोड नंबर १६च्या एका गल्लीत आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती स्थापन झाली आणि आता तिचं नाव इंडियन रबर मटेरियल्स रिसर्च इन्स्टिट्यूट असं आहे. पण इस्टेटमधल्या जुन्या लोकांच्या तोंडी इर्मराच. टायरपासून ऑइल सीलपर्यंत रबराची ताकद, ताण, वय आणि घटक तपासणं हा तिचा धंदा. पासपोर्ट काढायला इस्टेटमध्ये येणाऱ्या हजारोंना या इमारतीचा पत्ताही नसतो. कापडाच्या बाजूने पाहायचं तर घाटकोपरला बीटीआरए आणि वरळीला सस्मिरा या संशोधन संस्था आहेत, प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी. म्हणजे 'कापड का रबर' या भांडणातले दोन्हीकडचे साक्षीदार मध्य रेल्वेच्या एका तिकिटाच्या अंतरात राहतात.

नी-कॅपला दोन बाजू असतात

लोकलमध्ये उभं राहून गुडघे गेलेल्यांसाठी ही खास बातमी. नी-कॅप आणि कमरेचा पट्टा ज्या मऊ, फुगीर काळ्या मालाचा शिवतात, तो बहुधा निओप्रीन: बुडबुड्यांचं कृत्रिम रबर, त्याला वरून कापड चिकटवलेलं. पाणबुड्यांचे सूटही याचेच. आता हा माल ताक्याने आयात केला तर कापड का रबर?

इथे कस्टम्स विचारतं, कापड कशासाठी लावलंय? रबर फाटू नये म्हणून नुसत्या आधाराला असेल तर माल रबर. आणि आधाराला आहे की नाही, हे ठरवायची तऱ्हाही लिहून ठेवली आहे. एकाच बाजूला साधं, एकरंगी, नक्षी नसलेलं कापड असेल तर ते आधाराला. दोन्ही बाजूंना कापड असेल, मग ते कसंही असो, तर ते आधारापुरतं नाही, माल कापडातच. आणि एकाच बाजूला असलेलं कापडही छापील असेल, लव असलेलं असेल किंवा लेस असेल, तर त्याने आधारापलीकडचं काम केलं असं समजायचं. फुलाफुलांचं छापील कापड लावलं की रबराचं कापड होतं. नटण्याची एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल.

इस्पितळातलं मॅकिन्टॉश

सिव्हिल हॉस्पिटलातल्या सिस्टर रुग्णाच्या चादरीखाली रबराचं कापड घालतात, त्याला अजून मॅकिन्टॉश म्हणतात. हे आडनाव चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचं. डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळतं हे त्याने हेरलं, ते द्रावण कापडाच्या दोन थरांमध्ये भरलं आणि १८२३ मध्ये पेटंट घेतलं. आज ५९०६मध्ये येणाऱ्या मालाचा हा आजोबा. त्याच्या कोटात पाणी शिरत नसे. शिरलं तर शिंप्याच्या सुईने पाडलेल्या भोकांतून. उन्हात कोट चिकट व्हायचा, थंडीत ताठ उभा राहायचा आणि वास मारायचा तो वेगळाच. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला, तेव्हा कुठे रबर माणसात आलं. गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी होऊन वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली, आणि तिच्याशी त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता.

रेक्झिन हेही मुळात इंग्लंडातल्या एका कंपनीचं मालाचं नाव. त्या जुन्या रेक्झिनवर पीव्हीसी नव्हतं, सेल्युलोज नायट्रेट होतं. मऊ पीव्हीसी आलं १९२६ नंतर. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा उपाय शोधत होता. चिकटवायचं राहिलं बाजूला, हाती वाकणारं प्लास्टिक आलं. आपल्याकडे रिक्षाच्या सीटपासून उल्हासनगरच्या सोफ्यांपर्यंत सगळ्यांचा संसार त्यावर उभा आहे.

शहाडचं कापड, जे कुणी नेसत नाही

५९व्या चॅप्टरात एक कोड तर कल्याणकरांच्या अंगणातला आहे. ५९०२: टायर कॉर्ड फॅब्रिक. नायलॉन, पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस रेयॉनच्या दणकट दोऱ्यांचं हे कापड टायरच्या पोटात जातं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये रेयॉनचं टायर कॉर्ड तयार होतं. जवळच मोहोन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, याच धंद्यातली. ती २००९ पासून बंद आहे, आणि तिथल्या कामगारांच्या देण्यांचा विषय आंबिवली-टिटवाळ्याकडे अजून निघतो. मुलुंडच्या पलीकडे भांडुपला सिएटचा टायर कारखाना. म्हणजे धागा, कापड आणि टायर, तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर.

हे कापड दिसतं गमतीचं. ताण्यात जाड, पीळदार दोऱ्या अगदी खेटून, आणि बाण्यात मधूनमधून एखादा बारीक धागा, दोऱ्या जागेवर राहाव्यात एवढ्यापुरता. टायर साच्यात फुगला की बाण्याचं काम संपलं, तो तुटला तरी हरकत नाही. रबराला घट्ट धरावं म्हणून ते रेझिन आणि लेटेक्सच्या द्रावणात बुडवतात, की तपकिरी होतं. याला कापड म्हणायचं का, असा प्रश्न राजस्थानच्या विक्रीकर खात्याला पडला. रेयॉन कापडाला करमाफी होती. खात्याचं म्हणणं, हे टायरमध्ये जातं, हे कसलं कापड? डीसीएम कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८० मध्ये निकाल आला: टायर कॉर्ड फॅब्रिक हेही रेयॉनचं कापडच. त्याआधी १९७८ मध्ये पोरिट्स अँड स्पेन्सरच्या खटल्यात कागद गिरणीतल्या ड्रायर फेल्टबद्दल असाच निकाल लागला होता. ताणाबाणा आहे ना, मग ते टेक्स्टाइल. अंगावर घालता येतं का, हा प्रश्नच नाही.

एकाच चॅप्टरात पेट्रोमॅक्स आणि नाटकाचा पडदा

५९वं चॅप्टर एकदा फुरसतीत चाळा, झोप उडेल. ५९०८मध्ये स्टोव्ह-कंदिलांच्या वाती आणि गॅसबत्तीचं मँटल. वरातीत डोक्यावर घेऊन चालायची ती पेट्रोमॅक्स, तिच्यातली ती पांढरी जाळीची पिशवी. ती पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरते ती थोरियम व सिरियमच्या ऑक्साइडची राख. उजेड देते ती राखच. १८८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने ही युक्ती शोधली. कापड म्हणून आयात होतं आणि काम सुरू करण्याआधी जळतं, असा हा टॅरिफमधला एकच माल असावा.

५९०७मध्ये चक्क नाटकाचे रंगवलेले पडदे आणि फोटो स्टुडिओतले मागचे देखावे. राजवाडा, उपवन, रस्ता असे पडदे संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव बांधून न्यायच्या. कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवले. जत्रेतल्या फोटो स्टुडिओत ज्या ताजमहालापुढे मावशी उभी राहिली, तो ताजमहालही ५९०७चाच. शेजारी ५९०४ लिनोलियम, म्हणजे जवसाच्या तेलाची फरशी. ५९०१मध्ये चित्रकाराचा कॅनव्हास, पुस्तकाच्या बांधणीचं कापड आणि जुन्या इंजिनिअरांचं ट्रेसिंग क्लॉथ. ते धुतलं की खळ निघून जाई आणि हातात मऊसूत तलम कापड उरे.

५९११मध्ये मैदा-रवा चाळायच्या गिरणीचं बोल्टिंग क्लॉथ आहे, तेलघाण्याचं गाळायचं कापड आहे, आणि पुढे शब्द आहेत: 'मानवी केसांचं असलं तरी'. हो, माणसाच्या केसांचं. कधी काळी ते विणत, म्हणून टॅरिफमध्ये शिरलं आणि अजून निघालं नाही.

पट्ट्याचं मात्र जपून. पिठाच्या गिरणीचा किंवा कन्व्हेयरचा कापडी पट्टा ५९१०मध्ये, पण लांब गुंडाळीतला माल ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर नाही. रबर पाजलेल्या कापडाचा पट्टा असेल तर तो थेट ४०व्या चॅप्टरात.

गोणीची पट्टी

सिमेंटची, धान्याची ती पांढरी प्लास्टिकची गोणी. विणलेली तर आहे, मग कापड का? पट्टी मोजा. पट्टीची दिसणारी रुंदी ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती टेक्स्टाइल, त्याहून जास्त असेल तर प्लास्टिक. आणि दुमडून विणली असेल तर दुमडलेली रुंदीच धरायची. अशा गोण्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मोजपट्टी दोन रुपयांची, वकिलाची फी विचारू नका.

तीन टेपा, तीन घरं

इलेक्ट्रिशियनची जुनी काळी सुती टेप, ती हाताला काळं लावणारी, ही रबरी कापडात, ५९०६मध्ये. रुंदी २० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. त्याच कामाची चकचकीत पीव्हीसी टेप प्लास्टिकमध्ये, ३९१९. आणि जखमेवर लावायची औषधी पट्टी ३००५मध्ये, औषधांच्या पंगतीला. चिकटतात तिन्ही सारख्याच.

डोंबिवलीतल्या डायनिंग टेबलवरच्या मेणकापडाचीही तीच कथा. त्याच्या मागचं अस्तर बऱ्याचदा विणलेलं नसतंच, तंतू दाबून केलेलं नॉन-वोव्हन असतं. ५९व्या चॅप्टरच्या व्याख्येत 'टेक्स्टाइल फॅब्रिक' म्हणजे विणलेलं, गुंफलेलं वगैरे. नॉन-वोव्हनला तिथे प्रवेश नाही, त्याने ५६व्याकडे जावं. करोनात पीपीई किटसाठी देश ज्या कापडामागे धावत होता, ते बरंचसं हेच, लॅमिनेट केलेलं नॉन-वोव्हन.

आणि बुटांचं तर विचारूच नका. इतका वेळ कापड-कापड केलेला तोच माल बुटाच्या वरच्या भागाला लावून आणला, की ६४व्या चॅप्टरची टीप उलटी फिरते: बाहेरून रबर वा प्लास्टिकचा थर डोळ्यांना दिसत असेल तर ते कापड नव्हे, रबर किंवा प्लास्टिकच समजा. ताक्यात होतं तेव्हा कापड, पायात गेलं की प्लास्टिक.

मोठा आकडा जिंकतो

सगळं करूनही दोन कोड तुल्यबळ उरले तर? त्यासाठी शेवटचा नियम आहे, आणि तो कुठल्याही तत्त्वावर उभा नाही: आकड्याने जो मोठा, म्हणजे यादीत जो शेवटी येतो, तो घ्या. शंभरेक वर्षांच्या टॅरिफशास्त्राचा हा अखेरचा शब्द. याच यादीच्या जागतिक साच्यात ९७ चॅप्टरं आहेत, पण ७७वं रिकामं आहे. पुढे कधी लागलं तर असू द्या, म्हणून राखून ठेवलंय. मुंबईत एवढी मोकळी जागा आणखी कुणाकडे नाही.

१९८९चा भोर इंडस्ट्रीजचा खटलाही रेक्झिनसारख्याच मालाचा. कंपनी पीव्हीसीचं लेदर क्लॉथ करायची. ते करताना मध्येच कच्ची पीव्हीसी फिल्म तयार होई आणि एक्साइज खात्याने त्या फिल्मवरच कर मागितला. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, ही फिल्म या अवस्थेत बाजारात विकली जाते का? नसेल, तर नुसतं टॅरिफमध्ये नाव आहे म्हणून कर लावता येणार नाही. लहान कारखानदारांनी या निकालाचा आधार पुढे किती वेळा घेतला, याला गणती नाही. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात सामान्य शहाणपणाच्या सर्वांत जवळ गेलेला निकाल हाच.

म्हणून, माल चढण्याआधी

२०११ पासून भारतात स्वयंमूल्यांकन आहे. कोड निवडायची जबाबदारी आयातदाराची, क्लिअरिंगवाल्याची नव्हे. चुकला तर फरकाची रक्कम, तिच्यावर व्याज, आणि लपवाछपवी ठरली तर दंड. त्यातही गेल्या काही वर्षांत कापडाच्या कोडांवर खात्याची नजर कडक आहे. २०२४च्या मार्चमध्ये काही सिंथेटिक निटेड कापडांवर किलोला साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लागू झाली. तेव्हापासून निटेड माल 'कोटेड' वा 'लॅमिनेटेड' म्हणून आला, की अधिकारी दोनदा पाहतात.

तेव्हा सप्लायरने चीनहून वा तैवानहून पाठवलेला कोड जसाच्या तसा उतरवू नका. त्यांच्या टॅरिफचे पहिले सहा आकडे आपल्यासारखेच असले, तरी त्याने तो तुमच्यासाठी तपासलेला नसतो. एक मीटरचा नमुना आधी मागवा. पेन्सिलीभोवती वाकवा, दोन्ही बाजू उजेडात पाहा, चकती कापून वजन करा, आणि शंका उरलीच तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या. मोठी ऑर्डर असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसात २०२१ पासून आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण बसतं. तिथे अर्ज केला, तर माल येण्याआधीच कोड लेखी मिळतो. न्हावा-शेव्याला अडकलेल्या कंटेनरचं रोजचं भाडं भरण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं.